ट्रेनिंग हॉलमध्ये, गेज कुलपात

सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमध्ये मी काही वर्षं क्वालिटीत होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. मालक भले होते, आणि या गोष्टीत चूक निम्मी माझीच होती. तिथं सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर होणाऱ्या एका जॉबचा बोअर, म्हणजे आतलं भोक, साइजला हुकायला लागला. माल परत आला, गिऱ्हाइकाचं पत्र आलं. मग सगळीकडे होतं तेच झालं. ट्रेनिंग ठरलं.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या हॉटेलचा हॉल, दोन दिवस, पुण्याहून आलेले ट्रेनर, प्रोजेक्टर, चहा, समोसे. विषय 'फर्स्ट पीस इन्स्पेक्शन'. सोपं आहे. टूलचा इन्सर्ट, म्हणजे कापणारं बदलायचं पातं, बदलला, सेटिंग बदललं किंवा पाळी बदलली, की पहिला जॉब काढून गेजनं, म्हणजे मापाच्या उपकरणानं, मोजायचा. माप रजिस्टरला लिहायचं. बरोबर असेल तरच मशीन पुढं चालवायचं. ट्रेनर चांगले होते, पोरं हसतखेळत शिकली. शेवटी लेखी परीक्षा झाली, सगळे पास झाले. ग्रुप फोटो काढला. तो बरेच दिवस नोटीस बोर्डावर होता.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या पाळीत मी सहज रजिस्टर उघडलं. पानभर नोंदी, एकाच पेननं, एकाच दमात लिहिलेल्या. आकडे तर असे देखणे, की सगळे टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, बरोबर मधोमध. आठ तास टूल झिजतंय आणि माप जागचं हलत नाही, हे कुठल्या मशीनवर होतं?

मी ऑपरेटरला विचारलं. रागानंच विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मोजायचं कसं ते मला येतंय की. पण गेज तुमच्या कपाटात, कपाटाला कुलूप, अन् किल्ली तुमच्याकडं. तुम्ही जेवायला गेला की मी काय करू?"

किल्ली माझ्या खिशात होती.

'येतंय' आणि 'जमतंय'

आपल्या मराठीत एक फरक लहान पोरालाही कळतो. 'मला पोहता येतं' वेगळं आणि 'आज पोहायला जमणार नाही' वेगळं. येणं आपल्या अंगात असतं. जमणं वेळेवर, साधनावर, आजूबाजूच्या माणसांवर ठरतं. आणि दोन्ही असूनही माणूस नदीकडे जाईलच असं नाही, कारण जावंसं वाटायला पाहिजे.

हाच हिशेब सुसान मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वर्तन बदलण्याच्या अभ्यासासाठी शास्त्रीय भाषेत मांडला. क्षमता, संधी आणि प्रेरणा, या तिन्ही गोष्टी असतील तर माणूस वागतो. आपल्या भाषेत येतंय का, जमतंय का, करावंसं वाटतंय का. ट्रेनिंगचा हॉल यातल्या पहिल्या प्रश्नावर काम करतो. तिसऱ्यावर थोडं फार करतो, तेही दोन दिवसांपुरतं. दुसऱ्यावर जवळपास काहीच करत नाही. आणि कामावरच्या बहुतेक चुका माझ्या अनुभवात दुसऱ्या प्रश्नात अडकलेल्या असतात.

आपल्या ओळखीचंच एक उदाहरण बघा. पतसंस्थेत सायबर सुरक्षेचं ट्रेनिंग होतं. 'पासवर्ड कुणालाही सांगू नका.' सगळे माना डोलावतात. सोमवारी पासिंग ऑफिसर रजेवर असतात, काउंटरपुढं रांग असते, व्हाउचर पास झाल्याशिवाय पैसे देता येत नाहीत. मग साहेबांना फोन जातो आणि साहेबच पासवर्ड सांगतात. मंगळवारी तो मॉनिटरच्या खाली चिकटवलेला असतो. आता या क्लार्कला आणखी एक ट्रेनिंग दिलं तर काय होईल? दुसऱ्या अधिकाऱ्याला पासिंगचा अधिकार देणं हा इथला खरा इलाज आहे. तो हॉलमध्ये सापडत नाही, संचालकांच्या मीटिंगमध्ये सापडतो.

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या दोघांनी १९७० मध्येच यासाठी एक जालीम कसोटी सांगून ठेवली आहे. तिचा आशय असा: या माणसाच्या जिवावर बेतलं, तर तो हे काम बरोबर करून दाखवेल का? उत्तर 'हो' असेल, तर त्याला ते येतं. मग शिकवून उपयोग नाही, अडचण दुसरीकडं शोधा. आमच्या ऑपरेटरला ही कसोटी लावली असती तर विश्रामबागेच्या हॉलचं भाडं वाचलं असतं.

याचा अर्थ ट्रेनिंग फुकट असा नाही. आयटीआयमधून नुकता आलेला पोरगा, नवीन कंट्रोलचं मशीन, नवीन औषध फवारायची पद्धत, यात खरोखरच 'येत नाही' असं असतं. तिथं शिकवायलाच लागतं, आणि नीट शिकवायला लागतं. वाट लागते ती प्रत्येक दुखण्याला तीच गोळी दिल्यावर.

मिशिगनच्या दवाखान्यांत काय झालं

मिरज दवाखान्यांचं गाव आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय सुरू केलं, आणि आज कर्नाटकातूनही पेशंट येतात. त्यामुळं हे उदाहरण आपल्या भागात पटकन कळेल.

अतिदक्षता विभागात पेशंटच्या मानेजवळच्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत नळी घालतात. ती घालताना स्वच्छता पाळली नाही तर जंतू थेट रक्तात जातात. काय करायचं हे डॉक्टरांना कॉलेजपासून पाठ असतं. हात धुवा, कातडी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं पुसा, पेशंटला पूर्ण झाका, शक्यतो मांडीतली शीर टाळा, गरज संपली की नळी काढा. पाच गोष्टी, आणि अवघड एकही नाही. तरी त्या दर वेळी होत नव्हत्या.

पीटर प्रोनोवोस्ट या डॉक्टरांच्या पुढाकारानं अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत यावर काम झालं, आणि २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. एका पेशंटला एक दिवस नळी म्हणजे एक 'नळी-दिवस'. अशा दर हजार दिवसांमागे संसर्गाचा मध्यक, म्हणजे सगळे विभाग क्रमानं लावले तर मधला आकडा, २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. त्यांनी शिकवलंही, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. लागणारं सगळं सामान एका ढकलगाडीवर एकत्र ठेवलं, म्हणजे क्लोरहेक्सिडिन एका कपाटात आणि चादर दुसऱ्या खोलीत असं राहिलं नाही. पाच गोष्टींची यादी केली. सगळ्यात मोठं म्हणजे नर्सला अधिकार दिला. डॉक्टर पायरी चुकला तर तिनं काम थांबवायचं. संसर्गाचे आकडेही दर महिन्याला त्या त्या विभागाला परत कळवले जात होते.

ही ढकलगाडी मला फार आवडते. आमच्या कुलपातल्या गेजचं उत्तर तीच होती. पण नर्सनं थांबवण्याची गोष्ट जास्त अवघड आहे. सांगली-साताऱ्याकडं वयानं किंवा हुद्द्यानं मोठ्या माणसाला 'थांबा' म्हणणं उद्धटपणा समजला जातो. हेल्परनं मशीनचं सेटिंग लावणाऱ्या सेटरला "अण्णा, पहिला पीस मोजला नाही" म्हणावं, ही अपेक्षा कागदावर बरी वाटते. प्रत्यक्षात हेल्पर गप्प बसतो, कारण उद्या त्याला अण्णाच्याच हाताखाली राबायचंय. हा अधिकार वरून, सगळ्यांसमोर, साहेबानं स्वतःच्या तोंडानं दिला आणि पहिल्यांदा कुणी वापरला तेव्हा पाठीशी उभं राहिलं, तरच तो खरा. नाहीतर भिंतीवरची पाटी.

फोरमन हॉलमध्ये नव्हता

आमच्या ट्रेनिंगला सगळे ऑपरेटर होते, फोरमन नव्हता. त्याला डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायचा होता. त्यामुळं पोरं शिकून परत आली तेव्हा त्यांना काय शिकवलंय हेच त्याला ठाऊक नव्हतं. महिन्याच्या २५ तारखेनंतर त्याचं एकच वाक्य असायचं, "चालू दे रे, आधी गाडी भर." हॉलमधले दोन दिवस एका बाजूला आणि हे वाक्य दुसऱ्या बाजूला. रोज ऐकू येतं ते जिंकतं.

टिमोथी बाल्डविन आणि केव्हिन फोर्ड यांनी १९८८ मध्ये या विषयावरचे तोवरचे अभ्यास एकत्र मांडले. शिकलेलं कामावर उतरायला तीन गोष्टी लागतात, असं त्यांनी सांगितलं: शिकणारा माणूस, शिकवण्याची रचना, आणि कामाची जागा. जागेत वरिष्ठाचा पाठिंबा येतो आणि शिकलेलं वापरायची संधीही. आपल्याकडं पैसा खर्च होतो तो मधल्या गोष्टीवर, कारण तिचं बिल येतं. फोरमननं रोज सकाळी एक मिनिट विचारण्याचं बिल कुणी देत नाही, म्हणून ते बजेटमध्ये नसतं.

पैशावरून आठवलं, आमच्याकडं इन्सेंटिव्ह पीसवर होता. पाळीत जितके जास्त जॉब तितके जास्त पैसे. पहिला पीस मोजण्यात चार-पाच मिनिटं जायची, म्हणजे प्रत्येक इन्सर्टमागे एक-दोन जॉब गेले. आम्ही तोंडानं 'क्वालिटी आधी' सांगत होतो आणि पगाराच्या पाकिटातून 'नग आधी' सांगत होतो. पोरांनी पाकिटाचं ऐकलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

करावंसं वाटणं मात्र नुसतं पैशावर ठरत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आणला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पलूसजवळची किर्लोस्करवाडी १९१० ची, नांगराची गोष्ट त्याही आधीची. मला वाटतं, असा समज भाषणानं जात नाही. बांधापलीकडच्या रानात तोच नांगर चालताना आणि त्यावर आलेलं पीक दिसलं की जातो. कारखान्यातही तसंच. पाळीतला सगळ्यात जुना, सगळ्यांचा विश्वास असलेला सेटर मोजायला लागला की बाकीचे मोजतात. पहिल्यांदा पटवायचं ते त्याला. ट्रेनिंगची सुरुवात नव्या पोरांपासून करायची सवय मला म्हणूनच उलटी वाटते.

विसरणं, आणि मिरजेची जवारी

ट्रेनिंगमध्ये एक स्लाइड हमखास असते: माणसाला वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं. त्यावर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं नाव असतं. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू मांडला हे खरं. पण त्यात हे टक्के नव्हते, ते नंतर कुणीतरी चिकटवले. ही स्लाइड दिसली की मी चहा प्यायला जातो.

विसरण्यावरचं खरं जुनं काम हर्मान एबिंगहाउस यांचं, १८८५ चं. त्यांनी निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ केल्या आणि किती विसरतो ते स्वतःवरच मोजलं. विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं, मग हळू. एकाच माणसाचा आणि अर्थ नसलेल्या अक्षरांचा हा प्रयोग, त्यामुळं त्यातला आकडा मशीन चालवणाऱ्याला जसाच्या तसा लावू नये. पण 'सुरुवातीला झपाट्यानं' एवढं मात्र लक्षात ठेवावं. शुक्रवारी शिकवलेलं पुढच्या सोमवारी कुणी वापरलंच नाही, तर त्यातलं बरंच गेलं म्हणून समजा.

यावर इलाज पुन्हा तेच ऐकवणं नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवणारे पुढं गेले. मजा अशी, की ट्रेनिंग संपताच घेतलेली परीक्षा ही पाच मिनिटांनंतरची परीक्षा असते. ती पास होणं म्हणजे पुढच्या आठवड्यात लक्षात असणं नव्हे. आठवून बघायला लावणारा एक प्रश्न तिसऱ्या दिवशी, एक दहाव्या दिवशी, मशीनजवळ उभं राहून विचारला, तर त्यानं दोन दिवसांच्या स्लाइडपेक्षा जास्त काम होतं.

शिकवणं कसं असावं हे बघायचं तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा. तंबोऱ्याच्या तारा ज्यावर टेकतात त्या घोडीला जवारी लावतात. घोडीचा माथा कानसेनं इतका बारीक घासतात, की तार त्याला नुसती चाटून जाते आणि आवाजाला ती गुंजारव करणारी धार येते. हे कुणी फळ्यावर शिकवत नाही. पोरगा शेजारी बसतो, घासतो, तार छेडतो. बिघडलं तर त्याच क्षणी कानाला कळतं, आणि शेजारचा म्हातारा मान हलवतो. चूक आणि तिची जाणीव यांच्यात एका श्वासाचं अंतर. आमच्या मशीनशॉपमध्ये चूक कळायची ती गिऱ्हाइकाच्या पत्रातून, दीड महिन्यानं. त्यावरून कोण काय शिकणार?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत एकदम लाखो नवखी माणसं आली, तेव्हा सुपरवायझरनं काम कसं शिकवावं यासाठी चार पायऱ्यांची पद्धत ठरवली होती. आधी माणसाला तयार करायचं, मग करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि शेवटी कामावर सोडून वेळोवेळी येऊन बघत राहायचं. सतारमेकर गल्लीत या चारही पायऱ्या आपोआप होतात. आपल्या हॉलमध्ये पहिल्या दोन होतात, तिसरी घाईत, आणि चौथीच्या वेळी ट्रेनर पुण्याच्या गाडीत असतो.

आणखी एक छोटी गोष्ट, पण कामाची. पीटर गोलवित्झर यांनी 'अमुक झालं की मी तमुक करणार' अशा जोडीचं महत्त्व दाखवलं. 'मी क्वालिटीकडं लक्ष देईन' हा नुसता संकल्प, तो हवेत राहतो. 'इन्सर्ट बदलून दार लावलं की आधी गेज हातात' ही जोडी. हिच्यात प्रसंग ठरलेला आहे, त्यामुळं आठवण प्रसंगच करून देतो. ट्रेनिंगच्या शेवटी शपथ घेण्यापेक्षा प्रत्येकाकडून स्वतःच्या मशीनची अशी एक जोडी लिहून घ्यावी. एकच. पाच लिहिल्या तर एकही होत नाही.

मोजायचं काय

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासायच्या चार पातळ्या सांगितल्या. लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि त्याचा धंद्याला फायदा झाला का. पहिली तपासायला सोपी, म्हणून तीच होते. फॉर्म भरताना अर्धी माणसं घरची एसटी बघत असतात. आमच्या फॉर्मवर जेवणाला चांगले गुण होते.

खरी मेख तिसऱ्या पातळीत आहे, आणि ती विचारून कळत नाही. "मोजता ना?" विचारलं तर कुणी "नाही" म्हणेल का? तिथं खुणा बघाव्या लागतात. गेजवर धूळ आहे की कूलंटचा हात लागलाय? रजिस्टरातली शाई वेगवेगळ्या वेळेची दिसते का? रिजेक्टच्या पेटीत पाळीच्या सुरुवातीचे पीस आहेत की शेवटचे? सुरुवातीचे असतील तर कुणीतरी मोजून बाजूला काढलेत. वागणं माग सोडतं, तो काढायचा.

आम्ही नंतर जे केलं ते सांगतो, पण त्यात कौतुकाचं फारसं काही नाही. दोन जादा बोअर गेज घेतले आणि मशीनलाइनजवळ बोर्डावर टांगले. शेजारीच नेमक्या मापाची मास्टर रिंग, म्हणजे गेजचा शून्य तिथंच लावता येतो. इन्सर्टची डबी बोर्डाच्या मागच्या खणात ठेवली, त्यामुळं गेज बाजूला केल्याशिवाय इन्सर्ट हाताला लागेना. हे एका ऑपरेटरनंच सुचवलं. इन्सेंटिव्हमध्ये पहिल्या पीसच्या मोजणीची मिनिटं धरायला मालक दोन मीटिंगनंतर तयार झाले. फोरमन सकाळी पाळी सुरू होताना एकाच मशीनवर थांबून विचारू लागला, "पहिला पीस दाखव." पहिले काही दिवस त्यालाच लाज वाटायची.

एक गोष्ट फसली. रिकाम्या नोंदींबद्दल मी दोघांना झापलं, आणि रजिस्टर पुन्हा देखणं झालं. मग उलटं केलं. मोजलं नसेल तर 'मोजलं नाही' असं लिहायचं, पुढं कारण लिहायचं, आणि त्याबद्दल कुणाला बोललं जाणार नाही. दोन आठवडे ते रजिस्टर बघवत नव्हतं. 'लाइट गेली.' 'गेज दुसऱ्या लाइनला.' 'गाडी थांबली होती, फोरमन नको म्हणाले.' एवढी माहिती मला चार वर्षांत मिळाली नव्हती.

रिजेक्शन शून्यावर आलं नाही. कमी झालं, आणि जे निघे ते आमच्याच दारात निघू लागलं.

साधारण दीड महिन्यानं रात्रपाळीच्या पानावर वाकड्या अक्षरात एक ओळ दिसली: 'गेजचा काटा झिरोला परत येत नाही, बघा.' मी बोर्डावरचा गेज काढला, रिंगमध्ये घालून दोन-चार वेळा बघितला. काटा खरंच अडकत होता.